वाचकांचे प्रश्न : करोनाकाळच्या टाळेबंदीतली झोप

प्रश्न : विद्यापीठ बंद झाल्यापासून तास ऑनलाइन आहेत आणि रेकॉर्डिंगही मिळतात. त्यामुळे पहाटे चारला झोपतो, दुपारी बाराला उठतो. झोप आठ तास होते, तक्रार नाही. पण महिन्याभराने सकाळी नऊला परीक्षा आहेत. दोनदा रात्री दहाला आडवा झालो, तर तीनपर्यंत नुसती कूस बदलत राहिलो.

उत्तर : तुमची झोप मोडलेली नाही, सरकली आहे. शरीराचं घड्याळ बहुतेकांत २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि सकाळचा उजेड ते रोज जागेवर आणतो. विशीत तर त्याचा ओढा उशिराकडेच असतो. तासाला चालत जाणं बंद झालं, तसा हा उजेडही गेला.

दहाला आडवं होण्याचा प्रयोग फसणारच होता. बाराला उठलेल्या माणसाला दहापर्यंत जेमतेम दहा तासांचं जागेपण साठलेलं असतं. गाढ झोपेला साधारण सोळा लागतात. म्हणून झोपण्याची वेळ तूर्त विसरा, उठण्याची वेळ धरा.

गजर बाराऐवजी साडेअकराला लावा आणि दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा. बारावरून सातवर यायला दहा टप्पे, म्हणजे वीस दिवस. परीक्षेआधी हाताशी आठवडा उरतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत गच्चीत, अंगणात किंवा निदान उघड्या खिडकीशी ३० मिनिटं घालवा. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेर हजारो लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, खोलीतल्या दिव्याखाली काहीशेच.

पहिल्याच दिवशी सहाला उठून उन्हात जाऊ नका. नेहमीच्या जागं होण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. तुमच्या बाबतीत ती वेळ सकाळी नऊ-दहाची. त्याआधीचा उजेड घड्याळाला संध्याकाळचाच वाटतो आणि ते आणखी उशिरा सरकतं. अतिउत्साही मंडळी इथेच फसतात.

शेवटची कॉफी झोपेच्या आठ तास आधी, कारण पाच-सहा तासांनीही तिच्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. दुपारी डोळे मिटायलाच लागले तर वीस मिनिटांची डुलकी, तीही गजर लावून. एखादा दिवस चुकलाच, तर आदल्या टप्प्यावर या. पुन्हा बारापासून सुरुवात नको. रविवारी सूट मिळेल ती एक तासाची.

प्रश्न : एकच खोली आहे. तास, जेवण, फोन सगळं पलंगावरच. अकराला दिवा मालवते, आठला उठते, पण हिशेब केला तर झोप सहाच तास. मनगटी घड्याळ रोज ‘गाढ झोप कमी’ असं दाखवतं.

उत्तर : पलंग दिसला की मेंदूला आता तास, चॅट आणि चिंताही आठवते. तास खुर्चीवर बसून करा. खुर्ची नसेल तर जमिनीवर चटई, आणि तीही जमत नसेल तर दिवसा पलंगावर वेगळी चादर टाकून उशीच्या विरुद्ध टोकाला बसा. वेडगळ वाटेल, पण उपयोग होतो.

दुसरा उपाय जरा कडक आहे. सहा तासांच्या झोपेसाठी तुम्ही नऊ तास पडून राहता, म्हणजे ६७ टक्केच वेळ कामी येतो. आठवडाभर झोपेची नोंद ठेवा. सरासरी खरंच सहा निघाली, तर त्यावर अर्धा तास धरून रात्री दीड ते आठ एवढाच वेळ पलंगाला द्या. पलंगावरच्या वेळातलं झोपेचं प्रमाण आठवडाभर ८५ टक्क्यांच्या वर राहिलं की हा वेळ १५ मिनिटांनी वाढवा. साडेपाच तासांच्या खाली मात्र कधीच उतरू नका. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा. ही मिनिटं अंदाजानेच मोजायची. घड्याळाकडे पाहिलं की झोप पळते. पहिल्या आठवड्यात दिवसा पेंग वाढते आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. त्या दिवसांत वाहन चालवू नका. फिट्स किंवा बायपोलर विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय नको.

मनगटी घड्याळ झोपेचे टप्पे हालचाल आणि नाडीवरून अंदाजाने ठरवतं. ते खणात ठेवा.

प्रश्न : हल्ली स्वप्नं फार पडतात, तीही विचित्र. काही बिघडलंय का?

उत्तर : नाही. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात, सकाळकडे जास्त असते. उशिरापर्यंत झोपायला मिळालं की तीही वाढते, आणि मध्येच जाग आली तर स्वप्न लक्षात राहतं. बातम्या झोपेच्या तासभर आधी बंद करा. एकच भीतिदायक स्वप्न परत परत येत असेल, तर दिवसा त्याचा शेवट बदलून लिहा आणि रोज दहा मिनिटं तो नवा शेवट मनात घोळवा.

प्रश्न : घरात मोठ्यांच्या झोपेच्या गोळ्या आहेत. परीक्षेपुरती अर्धी घेतली तर?

उत्तर : नको. दुसऱ्यासाठी लिहिलेली गोळी तुमच्या नऊच्या पेपरला गुंगी ठेवू शकते, आणि अंगात संसर्ग असून श्वासाचा त्रास असेल किंवा सोबत दारू घेतली असेल, तर धोकादायकच. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप उडालेली असेल, तर डॉक्टरांकडे जा. दोन आठवडे मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तीन महिने थांबू नका. आणि जगू नये असं वाटत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, घरातल्या कुणाला तरी उठवून सांगा आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा.