आईंची सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डब्यातल्या बाकीच्या गोळ्या

तुमच्या प्रश्नाचा आशय असा : तुमच्या ६४ वर्षांच्या आईंना लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवसांसाठी लिहून दिली आहे. त्या मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, हाडांसाठी कॅल्शियम आणि मानदुखीवर रात्री टिझानिडीन घेतात. गोळीने पोटात मळमळते म्हणून ती दुधाबरोबर दिली तर चालेल का, आणि काही गोळ्या उरल्या तर भावाच्या खोकल्यासाठी ठेवाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. मुलुंडला २६ वर्षे औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभा आहे. दुधाविषयी सांगतोच, परंतु तुमची यादी वाचताना मला आधी खटकले ते टिझानिडीन.

यकृतातील ज्या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) टिझानिडीनचा निचरा होतो, नेमके तेच विकर सिप्रोफ्लॉक्सासिन अडवते. त्यामुळे नेहमीचीच गोळी घेतली तरी शरीराला भोगावे लागणारे टिझानिडीनचे प्रमाण सरासरी दहापट वाढल्याचे आढळले आहे. एवढ्या प्रमाणात रक्तदाब एकदम खाली येतो, अनावर गुंगी येते, आणि साठी ओलांडलेली व्यक्ती रात्री बाथरूमला जाताना पडते. ही दोन औषधे एकत्र देऊच नयेत, असे दोन्हींच्या माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलेले असते. तेव्हा आज रात्रीची टिझानिडीन देण्याआधी डॉक्टरांना फोन करून हे सांगा. कोणते औषध थांबवायचे वा बदलायचे, ते त्यांना ठरवू द्या. यात कोणा एकाची चूक शोधण्यात अर्थ नाही. मानेचे डॉक्टर दादरला, नेहमीचे डॉक्टर घराजवळ आणि औषधे आणायला तिसऱ्याच दुकानात, अशी आपल्याकडची रीत असल्यामुळे दोन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर कधी येतच नाहीत.

हेच विकर थिओफायलीनचाही निचरा करते. आमच्या शेजारच्या इमारतीतील एक आजोबा दम्यासाठी वर्षानुवर्षे थिओफायलीनची गोळी घेत असत. सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ते थरथरत्या हातांनी दुकानात आले. छातीत धडधड होत होती आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांना तसेच रिक्षात बसवून डॉक्टरांकडे पाठवले. त्यांना वाटत होते, औषध ‘गरम पडले’. चहा-कॉफीतले कॅफीनही याच वाटेने बाहेर पडते, म्हणून आईंना दिवसाला चार-पाच कप घेण्याची सवय असेल तर सात दिवस ती निम्म्यावर आणा.

आता दूध. सिप्रोफ्लॉक्सासिन ज्या क्विनोलोन गटात मोडते, त्या गटातील औषधे कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, लोह, जस्त अशा धातूंना पोटात घट्ट चिकटतात आणि मग ती जोडी आतड्यातून रक्तात शिरत नाही. गोळी नुसत्या दुधाबरोबर घेतली तर तिचा सुमारे एक तृतीयांश भाग वाया जातो, आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेले पित्तशामक पातळ औषध सोबत घेतले तर हे नुकसान नव्वद टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे गोळी खाल्ल्याचे समाधान तेवढे मिळते. मळमळ होत असेल तर पोळी-भाजी किंवा वरण-भाताबरोबर गोळी द्या. त्या जेवणात थोडे दही-ताक असले तरी चालते, मात्र नुसते दूध किंवा नुसते दही यांच्याबरोबर देऊ नका. कॅल्शियमच्या गोळीआधी निदान दोन तास किंवा तिच्यानंतर निदान सहा तास, असे सिप्रोफ्लॉक्सासिनचे अंतर ठेवावे लागते. सकाळी आठ आणि रात्री आठ अशा वेळा ठरवल्या, तर कॅल्शियमला सकाळी दहा ते दुपारी दोन एवढीच जागा उरते, म्हणून ते दुपारच्या जेवणानंतर, पण दोनच्या आत द्या. हा हिशेब जमत नसेल तर आठवडाभर कॅल्शियम थांबवता येईल का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.

ग्लिमेपिराइडच्या बाबतीत धोका उलट बाजूचा आहे. क्विनोलोन गटातील औषधांमुळे रक्तातील साखर वरखाली होते, आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या वयस्कर रुग्णांमध्ये ती धोकादायकरीत्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. घरी ग्लुकोमीटर असेल तर हे सात दिवस रोज दोन-तीनदा साखर तपासा. जेवण टाळू देऊ नका. अचानक घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून वाट पाहत बसू नका. शुद्धीवर असतील तर लगेच साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना कळवा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल ही गोळी चालू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठते हे दाखवणारा आकडा, तपासावा लागतो. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असल्यास, किंवा त्यावर अमिओडारोनसारखे औषध चालू असल्यास, तेही आधी सांगायला हवे. तुमच्या यादीत यांपैकी काही नाही, पण लोक ‘रोजच्याच’ गोळ्या यादीत धरत नाहीत, म्हणून विचारतो.

अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये क्विनोलोन गटाच्या माहितीपत्रकात कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) सुजण्याचा व तुटण्याचा ठळक इशारा छापायला लावला. टाचेमागची जाड दोरीसारखी कंडरा बहुधा यात सापडते. साठीपुढचे वय आणि स्टेरॉइडच्या गोळ्या यांमुळे हा धोका वाढतो. टाचेमागे दुखू लागले तर मालिश न करता पायाला विश्रांती द्या, पुढची गोळी थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. हातापायांत मुंग्या वा आग होणे, एकाएकी गोंधळल्यासारखे वागणे, झोप उडणे यांनाही तोच नियम. छातीत, पाठीत किंवा पोटात अचानक असह्य कळ आली तर मात्र फोन नव्हे, थेट रुग्णालय. बाकी, पाणी भरपूर पाजा आणि दुपारच्या उन्हात फिरू देऊ नका, कारण त्वचा लवकर भाजते. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले असेल तर डोसच बदलावा लागतो, म्हणून जुना अहवाल शोधून ठेवा.

यावरून औषध वाईट आहे असा अर्थ काढू नका. मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेल्या संसर्गात किंवा प्रोस्टेटच्या संसर्गात ते आजही मोलाचे आहे, कारण पोटातून घेऊनही ते त्या जागी उत्तम पोहोचते. फक्त साध्या, मूत्राशयापुरत्या जळजळीसाठी ते पहिली निवड राहिलेले नाही. २०१६ मध्ये त्याच नियामकाने, दुसरा पर्याय असताना अशा तक्रारींत हे औषध वापरू नये, असे सांगितले. नायट्रोफ्युरँटोइन किंवा फॉस्फोमायसिन हे पर्याय तेथे विचारात घेतले जातात. शिवाय आपल्याकडे लघवीतील पुष्कळ जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाहीत. लघवीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून त्यांवर कोणते औषध चालते हे पाहणारी तपासणी, केले असेल तर अहवालात या नावापुढे ‘एस’ (औषध लागू पडते) आहे की ‘आर’ (लागू पडत नाही), एवढे पाहा. ‘आर’ असेल तर वरचा सगळा हिशेब निरर्थक आहे आणि औषधच बदलायला हवे. केले नसेल, तर ते का नको, हे डॉक्टरांना आदराने विचारायला हरकत नाही.

राहिला भावाचा खोकला. सात दिवसांच्या चौदा गोळ्या होतात. आम्ही दहाची एक स्ट्रिप आणि दुसरीतून कापून चार देतो, त्यामुळे उरायला काही नको. औषध बदलल्यामुळे उरल्याच, तरी त्या भावाला देऊ नका, आणि याला मुंबईत खास कारण आहे. याच गटातील लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधे बहुऔषधरोधक क्षयाच्या उपचारात लागतात. खोकल्याच्या मुळाशी क्षय असेल, तर या गटाच्या चार गोळ्यांनी काही दिवस बरे वाटते, निदान लांबते आणि जंतू नेमक्या त्याच औषधांना सरावण्याची भीती असते. लेव्होफ्लॉक्सासिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या औषधविक्रीच्या कडक सरकारी अनुसूचीत आहेत आणि आम्हाला चिठ्ठी पाहून रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव नोंदवहीत लिहावे लागते, त्यामागे हेही एक कारण आहे. भावाला खोकला सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील, तर त्याला जवळच्या महापालिका दवाखान्यात पाठवा. तेथे थुंकीची तपासणी मोफत होते.