ट्रकला ऑइल फिल्टर कंपनीचाच लावावा, की बाहेरचा चालतो?

तुमचा प्रश्न असा आहे: 2018 ची टाटा 1109, बीएस-4 (म्हणजे बीएस-6 च्या आधीच्या प्रदूषण नियमांची), भिवंडी ते मस्जिद बंदर अशी फिरते, शोरूमचा ऑइल फिल्टर महाग पडतो आणि मिस्त्री म्हणतो, 'बाहेरचा लावा, काही होत नाही.'

मिस्त्री अर्धं खरं बोलतोय. 'बाहेरचा लावा' यात चूक नाही. 'काही होत नाही' यात आहे.

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला आमच्या तीन गाड्या लागतात. गाड्या हातात येण्याआधी मी चार वर्षं एका गॅरेजात हात काळे केले, त्यामुळे जे सांगतोय ते खिशातून पैसे घालवून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट. ट्रक बनवणारी कंपनी सहसा फिल्टर स्वतः बनवत नाही. फिल्टर बनवणारे वेगळे असतात. पुण्याचं फ्लीटगार्ड, फरिदाबादचं एलोफिक, मूळ जर्मनीतले मान, महले आणि बॉश, अशी नावं तुम्ही दुकानात पाहिली असतील. ट्रककंपनी ड्रॉइंग आणि मापं देते, फिल्टरवाला माल बनवून देतो आणि तो कंपनीच्या खोक्यात विकला जातो. म्हणून 'बाहेरचा' म्हणजे हलका, हे समीकरण चुकीचंच आहे. पण दुकानदार याच्या पुढे एक उडी मारतो: 'अहो साहेब, एकाच फॅक्टरीतला माल, फक्त खोकं वेगळं.' ही उडी त्याच्यामागे मारू नका. एकाच भट्टीतून पावही निघतो आणि खारीही. कागद कुठला, व्हॉल्व्ह किती प्रेशरला उघडणार, हे ऑर्डर देणारा ठरवतो.

फिल्टर म्हणजे पत्र्याच्या डब्यात घातलेला कागद, एवढंच आपण समजतो. आत दोन व्हॉल्व्ह असू शकतात आणि खरा खेळ त्यांचाच आहे. एक बायपास. ऑइल थंड आणि घट्ट असलं किंवा कागद चोंदला, की फिल्टरच्या दोन बाजूंच्या प्रेशरमध्ये फरक पडतो. तो ठरावीक मर्यादेबाहेर गेला की बायपास उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. बेरिंग कोरडं पडण्यापेक्षा घाण ऑइल परवडलं, असा तो हिशोब. आता गंमत अशी, की काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये असतो आणि काहींत फिल्टर जिथे बसतो त्या हेडमध्ये. आटे तेच, गॅस्केटचं (तोंडावरच्या रबरी रिंगचं) माप तेच, डबा हुबेहूब, पण आत बायपास नाही, असा फिल्टर चुकीच्या इंजिनावर आरामात घट्ट बसतो. पुढे कधीतरी कागद चोंदला, की एक तर तो फाटतो नाहीतर ऑइल अडतं. 'बसतो ना? मग चालतो' हे वाक्य ऐकलं, की मी दुकान बदलतो. फिल्टर डोळ्यांनी जुळवायचा नसतो, पार्ट नंबरने जुळवायचा असतो.

दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे रबराची एक चकती. इंजिन बंद झालं, की फिल्टरमधलं ऑइल परत खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत, उतरू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. या चकतीने मला एकदा चांगलंच फिरवलं. पहाटे सेल्फ मारला, की ऑइलचा लाल दिवा पाच-सहा सेकंद जळत राहायचा आणि वरून खडखड यायची. ड्रायव्हर रोज सांगायचा, 'शेठ, सकाळी सकाळी इंजिन रडतंय.' मिस्त्री म्हणाला ऑइल पंप गेला. पंप उतरवायच्या आदल्या दिवशी सहज आठवलं, की मागच्या ऑइल बदलीला फिल्टर निराळा लावला होता. नाव नसलेला, पांढऱ्या खोक्यातला. तो काढून पार्ट नंबर जुळवून दुसरा लावला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा दोन सेकंदांत विझला.

काढलेला फिल्टर वाईसला धरून कापला. तेव्हा अक्कल नव्हती, हॅक्सॉने कापला. तसं करू नका, हॅक्सॉचा कीस कागदावर पडतो आणि तो इंजिनातलाच समजून छातीत धडकी भरते. डबा कापायचा वेगळा कटर मिळतो. आत पाहिलं तर रबराची चकती भाजलेल्या पापडासारखी, बोटाने वाकवली तर तडकली. आमच्या त्या गाडीत फिल्टर आडवा बसतो, म्हणजे रात्रभरात तो रिकामा होत होता आणि सकाळी पंपाला आधी डबा भरावा लागत होता. डब्याचं तोंड वर असेल अशा गाडीत हाच फिल्टर लावला असता, तर कदाचित मला कधी कळलंही नसतं. चांगल्या फिल्टरमध्ये बऱ्याचदा सिलिकॉनची चकती असते. ती उष्णता सोसते, मऊ राहते. पण त्याहून वाईट गोष्ट दुसरीच होती. कागदाच्या घड्या जिथे टोकाच्या टोपीला चिकटवतात, तिथे एका बाजूला चिकटवणच नव्हतं. नख सहज आत जात होतं. एवढी वाट मोकळी मिळाल्यावर ऑइल कागदातून कशाला जाईल?

आता मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खोक्यावर '20 मायक्रॉन' छापलेलं असतं आणि आपण खूश होतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन धरा. पण 20 मायक्रॉनचे कण पकडतो म्हणजे शंभरातले किती? 50 की 99? दोन्ही फिल्टरवाले 20 च लिहू शकतात. इंजिन ऑइल फिल्टर तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 4548-12 आहे. नावाजलेल्या कंपनीच्या डेटा शीटमध्ये त्याचा उल्लेख आणि टक्केवारी दोन्ही सापडतात, पांढऱ्या खोक्यावर अर्थातच नाही. आणि जितका बारीक तितका चांगला, असंही नाही. जागा तेवढीच ठेवून कागद फार बारीक घेतला, तर तो लवकर चोंदतो आणि मग बायपास उघडाच. म्हणजे महागडी चाळणी घेऊन पीठ बाजूने ओतल्यासारखं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. ऑइल लवकर काळं झालं, म्हणून फिल्टर खराब असं होत नाही. डिझेलची काजळी एका मायक्रॉनहूनही खूप बारीक असते, ती कुठल्याच साध्या ऑइल फिल्टरला सापडत नाही. ती ऑइलने आपल्या पोटात धरून ठेवायची असते, त्यासाठीच ऑइलमध्ये डिस्पर्संट घातलेलं असतं. फिल्टरने पकडायचा असतो तो धातूचा कीस, धूळ आणि गोळा झालेली घाण. गाडी ऑइल काळं करत नसेल, तर उलट काजळी जातेय कुठे ते पाहा.

आता सगळ्यात मोठी भीती, आणि ती 'बाहेरच्या' फिल्टरची नाहीच. ती आहे कंपनीच्या खोक्यातल्या डुप्लिकेटची. विचार करा, नकली माल बनवणारा कोणाचं नाव छापेल? ज्याच्या नावाला भाव आहे त्याचंच. शोरूमच्या निम्म्या भावात 'ओरिजिनल' मिळतोय म्हणजे तो ओरिजिनल नाही, सोपं आहे. अशा ओरिजिनलपेक्षा नामांकित फिल्टर कंपनीचा तिच्या स्वतःच्या नावाचा माल शंभर पटींनी बरा, कारण त्याच्यामागे कोणीतरी उभं आहे. मी ऑपेरा हाउसच्या बाजारातून घेतो, पण डीलरकडून आणि पक्क्या बिलावर. क्यूआर कोड असेल तर तिथेच उभं राहून स्कॅन करतो, दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तरी. आट्यांवर बोट फिरवतो, कड बोचली किंवा कीस लागला तर परत. आणि नवा लावून झाल्यावर खोकं चार तुकडे करून टाकतो. आमच्याकडे येणारा भंगारवाला रिकाम्या, न फाटलेल्या खोक्यांना वेगळे पैसे द्यायचा. ती कशाला हवी होती ते मी त्याला कधी विचारलं नाही, पण कळलं.

तुमच्या गाडीपुरतं बोलायचं तर 2018 ची, म्हणजे वॉरंटीचा प्रश्न बहुधा संपलेला आहे. माझी असती तर मी नामांकित कंपनीचा, पार्ट नंबर जुळणारा बाहेरचा फिल्टर बिनधास्त लावला असता. माझ्या दोन जुन्या गाड्यांना तेच लावतो. तिसरी बीएस-6 आहे, वॉरंटीत आहे, तिला कंपनीचाच लावतो आणि बिलं फाइलमध्ये. कायद्याने वाद घालता येईलही. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून 14 मोटार कंपन्यांना 2,544 कोटींच्या वर दंड ठोकला होता. पण तो निकाल मोटारींचा, पुढे अपिलात गेलेला, आणि माझी गाडी महिनाभर वर्कशॉपात उभी राहिली तर हप्ता बँकेला मीच भरणार. दोन-चारशे रुपयांसाठी तो वाद मला परवडत नाही. शिवाय बीएस-6 मध्ये ऑइल बदलीचं अंतर लांब असतं, तेवढे किलोमीटर कागद टिकला पाहिजे. आणि डिझेलचा फिल्टर हा निराळा विषय आहे. कॉमन रेल गाडी (एका पाइपातून जबर प्रेशरने सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणारी) असेल तर तिथे पैसे वाचवू नका, इंजेक्टरचा भाव एकदा विचारून बघा.

अंतरावरून आठवलं. तुमची भिवंडी–मस्जिद बंदर फेरी किलोमीटरमध्ये छोटी दिसते. पण माजिवड्याला अडकलात, मग शहरात अवजड वाहनांची बंदी उठेपर्यंत नाक्यावर उभे राहिलात, नंतर गोदामासमोर नंबर लागेपर्यंत इंजिन चालूच. किलोमीटर 80 आणि इंजिन नऊ तास. मॅन्युअलमध्ये शहरातल्या किंवा जड वापरासाठी वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं. तुम्ही त्या रकान्यातले आहात. भारीतला फिल्टर दुप्पट वेळ ठेवण्यापेक्षा मधल्या भावातला वेळेवर बदला.

लावतानाची एक चूक सांगतो, कारण ती आमच्याकडे झाली आहे. जुना फिल्टर निघाला, पण त्याचं गॅस्केट वर हेडलाच चिकटून राहिलं. कामावरच्या पोराने न बघता त्यावर नवा फिरवला. गाडी घोडबंदर रोडला गायमुखपर्यंत गेली आणि दोन गॅस्केटांच्या मधून ऑइलची धार लागली. ड्रायव्हरने दिवा बघून लगेच बंद केली म्हणून क्रँक वाचला. तेव्हापासून जुन्या फिल्टरवर गॅस्केट दिसल्याशिवाय नवा हातात द्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नव्या गॅस्केटला ऑइलचं बोट लावा, टेकल्यावर डब्यावर लिहिलंय तेवढाच फेरा हाताने द्या, पाना लावू नका. मॅन्युअल फिल्टर आधी भरायला सांगत असेल, तर ऑइल मधल्या मोठ्या भोकातून ओतू नका, बाजूच्या छोट्या भोकांतून ओता. मधल्या भोकातलं ऑइल न गाळता थेट बेरिंगांकडे जातं.

आता करायचं एवढंच: गाडीवरच्या फिल्टरचा नंबर कपड्याने पुसून मोबाइलवर फोटो काढा. पण तोही कोणीतरी 'बसतो ना' म्हणून लावलेला असू शकतो, म्हणून चेसिस नंबर देऊन टाटाच्या पार्ट काउंटरवरून खरा पार्ट नंबर विचारून घ्या. तो फिल्टर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये टाकला की त्यांचा जुळणारा नंबर मिळतो. तो चिठ्ठीवर लिहून मिस्त्रीच्या हातात द्या. आणि या वेळी निघालेला जुना फिल्टर फेकू नका, कापून घ्या. कागदाच्या घड्यांमध्ये धातूची चमचम दिसली, तर नवा कुठला लावायचा हे नंतर बघू, आधी चेंबर उतरवून बेरिंग बघायला सांगा.