अब्लेशन झालं, तरी काकांची बोटं नाडीवरच

काका ६७ वर्षांचे, एट्रियल फिब्रिलेशनसाठी (एएफ, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होणं) अब्लेशन, म्हणजे हृदयात आतून डाग देऊन करायचा उपचार, होऊन पाच आठवडे झालेले. खुर्चीत बसल्या बसल्या दोन बोटं मनगटावर गेली ती बोलणं संपेपर्यंत तिथंच होती. काकू म्हणाल्या, अहो रात्री तीनला उठून घड्याळात ईसीजी काढतात आणि मग मलाही उठवतात, बघ गं नीट आलाय का. वहीत एका दिवसाच्या ४१ नोंदी!

"गेल्या आठवड्यात दोनदा धडधडलं, म्हणजे फेल गेलं ना सगळं?" हे मला जवळपास प्रत्येकजण विचारतो. तर काका, हृदयाच्या वरच्या कप्प्यात जिथं डाग दिलेत तिथली सूज उतरायला वेळ लागतो, म्हणून पहिले दोन-तीन महिने ठोके मधेच बिघडले तरी लगेच अपयश धरत नाहीत, डॉक्टरांना कळवायचं मात्र नक्की. पण या दिवसांत ताप आला किंवा गिळताना दुखलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं, आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर सरळ इमर्जन्सी.

मग त्यांनी हळूच विचारलं, होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) क्लीन आला की रक्त पातळ करायची गोळी बंद ना? इथं मी जरा ठामच बोलले. अब्लेशननंतर कितीतरी जणांना एएफ येऊन जातं आणि जाणवतच नाही, २४ तासांच्या होल्टरमध्ये फक्त तो एक दिवस दिसतो, म्हणून कुणाला सात-चौदा दिवसांचा पॅच लावतात, कुणाला छातीच्या कातडीखाली छोटा लूप रेकॉर्डर बसवतात, तो काही वर्षं चालतो. आणि गोळीचं ठरतं ते वय, बीपी, शुगर, आधीचा स्ट्रोक यावरून, काकांना बीपी शुगर दोन्ही आहे, त्यामुळे मनानं बंद करायचीच नाही.

त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं, सकाळी चहाआधी एकदा, रात्री जेवणानंतर एकदा, आणि धडधड जाणवली तरच मधे. वहीत वेळ, किती मिनिटं, तेव्हा काय करत होतो. झोपताना घड्याळ हॉलमध्ये चार्जिंगला.

बारा दिवसांनी आले तेव्हा वही पुढं केली. एका रात्री २.४० ला अकरा मिनिटं धडधड, हॉलमध्ये जाऊन एकच ईसीजी काढला, सकाळी डॉक्टरांना पाठवला. काकूंना ते सकाळी चहा पिताना कळलं.