काटकसर मुलांच्या हातांना शिकवा
मूल सहा-सात वर्षांचे झाले की शाळेतून आल्यावर स्वतःचा डबा घासण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. सुरुवातीला कडांना तेलकटपणा राहील, तरी त्याच्यादेखत तो पुन्हा घासू नका. वार्षिक परीक्षा संपली की जुन्या वह्यांची कोरी पाने काढून, दाभणाने भोके पाडून, जाड दोऱ्याने शिवलेली रफ वही मुलांकडूनच करून घ्या, कारण स्वतः शिवलेल्या वहीची पाने ती सहसा वाया घालवत नाहीत. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर पोस्टात मुलाच्या स्वतःच्या नावे ५०० रुपयांत बचत खाते उघडता येते. पैसे भरण्याची स्लिप त्यालाच लिहू द्या. मात्र दूध, फळे आणि पुस्तके यांत हात आखडता घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.