तोंगनमधला “ए”, माओरीतला “ए” आणि आपला “ने”

प्रश्न असा आहे की, पॉलिनेशियातल्या (प्रशांत महासागरातल्या बेटसमूहांच्या) अनेक भाषांत कर्त्याआधी येणारा “ए” हा निपात (रूप न बदलणारा छोटा शब्द) मराठीतल्या “ने” या प्रत्ययासारखाच मानावा काय.

तोंगनपुरते (टोंगा बेटांच्या भाषेपुरते) बोलायचे तर होकार देण्याकडे माझा कल आहे; न्यूझीलंडच्या माओरीत मात्र हे समीकरण फसते. “सिओनेने मासा खाल्ला” हे तोंगनमध्ये “ना’ए काइ ’ए सिओने ’आ ए इका” असे होते (’ ही खूण घशात स्वर क्षणभर अडवल्याची). यात “ना’ए” भूतकाळ दाखवतो, “काइ” म्हणजे खाणे आणि “’ए सिओने” म्हणजे सिओनेने. “इका” म्हणजे मासा; त्याच्या लगेच आधीचा, घसा न अडवता उच्चारलेला “ए” हे निराळेच उपपद (इंग्रजी “द”सारखे) आहे, आणि नवशिक्याची गल्लत होते ती नेमकी इथे. “सिओने गेला” म्हणायचे असेल तर “ना’ए ’आलु ’आ सिओने”, म्हणजे मघाशी माशाला लागलेला “’आ” आता सिओनेला लागतो. आपणही “गेला” म्हणताना “ने” गाळतोच. फरक एवढाच, की मराठीचा “ने” भूतकाळात उगवतो आणि “सीता आंबा खाते” म्हणताच मावळतो, तर तोंगनचा “’ए” वर्तमानकाळातही टिकून राहतो.

माओरीत साधे वाक्य “इ काइ आ होने इ ते इका” असे आहे. यात “ए” कुठेच नाही. पहिला “इ” भूतकाळाचा, दुसरा कर्माचा, आणि “आ” हा व्यक्तिनामाआधीचा. “ए” येतो तो कर्मणी रचनेत: “इ काइंगा ते इका ए होने”. इथे त्याला “ने”पेक्षा “कडून” हा शब्द अधिक जवळचा आहे. हवाईयनमध्येही “उआ ’आइ ’इआ का इ’आ ए केओनि” अशी हीच मांडणी आढळते. (सिओने, होने आणि केओनि ही तिन्ही जॉन या नावाचीच रूपे आहेत.) या साऱ्या भाषा जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेतली कर्मणी रचनाच पुढे तोंगन-सामोअनमध्ये नेहमीची झाली, की प्रवास उलट दिशेने झाला, हा वाद जुना आहे, 1969 मध्ये पॅट्रिक होहेपा यांनी पहिली बाजू मांडली होती. मला तीच पटते, कारण “कडून”चा झिजून “ने” होणे ही कल्पना मराठी कानाला अवघड वाटत नाही.

माओरीत “ए रुआ” म्हणजे दोन, आणि “ए काइ आना” म्हणजे खाणे चालू आहे. हे “ए” कर्त्याच्या “ए”शी जोडू नयेत. हाक मारण्याचा “ए होने!” आपल्या “ए राजू!”सारखा ऐकू येतो, पण हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. शिवाय तिथे नाव लांब असेल तर हा “ए” गळतो आणि नुसते “विरेमु!” म्हणतात.