प्रश्न तुमचे: मोरोक्कोचे वाळवंट

मराकेशला पाच दिवस आहोत. दोन दिवसांत सहारा बघून परत येता येईल का? – एक वाचक, सांगली

दोन दिवसांच्या बहुतेक सहली झागोराला जातात, आणि झागोराजवळ उंच वाळूच्या टेकड्या नाहीत. मिळते ती खडकाळ, सपाट जमीन आणि मधूनमधून वाळूचे छोटे ढिगारे. जाहिरातीतल्या फोटोतल्या केशरी टेकड्या अर्ग शब्बी या वाळूच्या पट्ट्यातल्या. त्या मरझूगा गावाला लागून आहेत आणि काही ठिकाणी दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत. मराकेशहून मरझूगा साधारण ५६० किलोमीटर. नकाशावर अंतर फार वाटत नाही, पण वाटेत अ‍ॅटलास पर्वत आडवा येतो. टिझी न टिश्का हा घाट २,२६० मीटर उंचीवर आहे. न थांबता गेलात तरी नऊ-दहा तास धरा. त्यामुळे तीन दिवस हे किमान, आणि त्यातही तिसरा अख्खा दिवस गाडीत जातो.

त्यापेक्षा परत मराकेशला येऊच नका. पहिल्या दिवशी आयत बेनहद्दू हे मातीच्या घरांचे तटबंदीचे जुने गाव बघून दादेस किंवा तिनघीरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी तोद्राची घळ बघून संध्याकाळपर्यंत मरझूगा, तिसऱ्या दिवशी उत्तरेला फेझ. तिथून कासाब्लांकाला रेल्वेने साधारण चार तास लागतात. परतीचे विमान कासाब्लांकाहून असेल तर हाच मार्ग सोयीचा. तुमचे पाच दिवस यात बरोबर बसतात.

आरक्षण करताना एक प्रश्न लेखी विचारा: तंबू टेकड्यांच्या आत आहे की गावाच्या कडेला? ‘डेझर्ट कॅम्प’ हे नाव दोन्हींना चालते. कडेच्या तंबूत रात्रभर रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे दिसत राहतात.

घाटात वळणे फार आहेत. गाडी लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्या, वळणे सुरू झाल्यावर नव्हे. हिवाळ्यात बर्फ पडून घाट कधीकधी बंद होतो, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

डिसेंबरात आई बरोबर आहे, वय ६८, गुडघे दुखतात. उंटावर बसवावे का? – एक वाचक, नाशिक

बसवू नका. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसलेला माणूस पुढे फेकला जातो. खाली बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे पुन्हा पुढेच झोक. दोन्ही वेळा मागे रेलून दांडा घट्ट धरायचा असतो. त्यावर तंबूपर्यंतचा तासाभराचा प्रवास, पाय फाकवून आणि रिकिबीशिवाय. चांगले गुडघेही दुसऱ्या दिवशी बोलतात. बहुतेक तंबूंपर्यंत जीप जाते. आईंना जीपने पाठवा आणि हे आरक्षणाच्या वेळीच ठरवा, ऐनवेळी जादा पैसे मागतात.

गुडघ्यांपेक्षा थंडीची काळजी जास्त करा. वाळू दिवसभराची उष्णता धरून ठेवत नाही. दुपारी एका स्वेटरवर भागते, पण पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो. थर्मलचा जोड, लोकरी मोजे, कानटोपी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी न्या. तंबूत हीटर आहे का, आणि तो रात्रभर चालतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

आम्ही शुद्ध शाकाहारी. खायचे काय? – एक वाचक, पुणे

नुसते ‘शाकाहारी’ म्हटले तर वरचे मांस बाजूला काढलेले ताजिन (मातीच्या झाकणाच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) पुढे येऊ शकते. भाज्यांचे ताजिन आणि कुसकुस अनेकदा मांसाच्या पाण्यात शिजते, आणि हरीरा हे सूप बहुधा मटण घालूनच होते. म्हणून ‘ब्ला ल्हम, ब्ला मर्का’ म्हणा: मांस नको, रस्साही नको. भरवशाचे पदार्थ म्हणजे बिसारा (सुक्या बाकल्याचे दाट सूप), झालूक (वांगे-टोमॅटोचे भरीत), खोब्झ हा पाव, ऑलिव्ह आणि न्याहारीला मसमेन, म्हणजे पदर सुटणारी चौकोनी पोळी. तंबूत स्वयंपाक एकत्र होतो, तेव्हा आदल्या दिवशीच कळवा. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट असले की कसली अडचण नाही.

औषधे आणि मसाले नेताना काय पाहावे? – एक वाचक, ठाणे

मुंबईहून बरेच जण दुबई किंवा अबू धाबीमार्गे जातात, आणि अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. अनारसे आणि खसखस घातलेला घरचा मसाला, दोन्ही घरीच ठेवा. वेदनाशामक गोळ्यांत ट्रॅमाडॉल आहे का, ते पाकिटावर वाचा. अल्ट्रासेट या गोळीत ते असते. पुढे इजिप्तलाही जाणार असाल तर ती गोळी नेऊच नका, तिथे लोक तिच्यापायी तुरुंगात गेले आहेत. बाकीची औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. ओआरएसची पाकिटे माणशी सहा घ्या. ड्रोन मात्र मुळीच नको, मोरोक्कोच्या विमानतळावर तो काढून घेतात.

पैसे कुठे बदलावेत? – एक वाचक, मडगाव

मोरोक्कोचे चलन, म्हणजे मोरोक्कन दिऱ्हाम, देशाबाहेर सहसा मिळत नाही. रुपये तिथे कोणी बदलून देत नाही, युरो न्या. विमानतळावर पहिल्या दिवसापुरतेच बदला, बाकी शहरात. एटीएमने ‘रुपयांत की दिऱ्हाममध्ये’ विचारले तर दिऱ्हाम निवडा, रुपयांचा भाव यंत्राचा मालक ठरवतो. वाळवंटात शिरण्याआधी शेवटची रोकड एर्फूद किंवा रिसानीत काढा, आणि सुट्ट्या नोटा मागून घ्या.