सीमेवरच्या गस्तीचं प्रमाणपत्र

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, गेली 22 वर्षं अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात राहतो. मुलगा 19 वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसमध्ये दोनदा नापास झाला आणि आता कम्युनिटी कॉलेजात नुसता वेळ काढतोय. आमचे शेजारी मेक्सिकोच्या सीमेवर गस्त घालणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात आहेत. मीच मुलाला दोन शनिवार त्यांच्याबरोबर पाठवलं. वाटलं, शिस्त लागेल, पुढे बॉर्डर पेट्रोलच्या, म्हणजे सरकारी सीमा दलाच्या, नोकरीला उपयोग होईल आणि आपण रांगेत उभं राहून, कायद्यानं आलेले लोक आहोत हे चार जणांना दिसेल. दुसऱ्या खेपेनंतर तो जायला तयार नाही. आमच्याबरोबर जेवायलाही बसत नाही. या कामाचं प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडता येईल का? त्याला कसं समजवावं? – एक वडील

उत्तर : नमस्कार. तुमचं मूळ पत्र दोन पानांचं आहे. त्यात कॅल्क्युलसवर अख्खा परिच्छेद आहे आणि मुलगा जेवायला बसत नाही यावर अर्धी ओळ. मी त्या अर्ध्या ओळीपाशीच अडकले. दुसऱ्या शनिवारी वाळवंटात त्यानं काय पाहिलं, हे तुम्ही त्याला विचारलंत का? पत्रावरून तसं दिसत नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा रात्रभर दुर्बीण घेऊन बसतो, तुम्हीच लिहिलंय तसं आजूबाजूच्या लोकांच्या कमरेला पिस्तुलं असतात, आणि समोरून जी माणसं येतील त्यांच्या कातडीचा रंग बहुधा त्याच्याच रंगाच्या जवळचा असणार. अंधारात त्याला कोण कोणत्या बाजूचा समजेल, याचा विचार तरी तुमच्या मनात आला होता का? तो घरी येऊन गप्प झाला, याला तुम्ही आळस म्हणता. मला ते अजिबात पटत नाही.

‘आपण वेगळे आहोत हे दिसावं’ असं तुम्ही लिहिलंय. आपल्यालाही कुणी घुसखोर समजेल, ही त्यामागची भीती मला कळते. पण तिचं ओझं तुम्ही पोराच्या पाठीवर दिलंय. आणि रांगेचं म्हणाल, तर 1917च्या कायद्यानं अमेरिकेनं भारतीयांना दारच बंद केलं होतं. 1923 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात, भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. तुमच्यासारख्यांसाठी दार खऱ्या अर्थानं उघडलं ते 1965च्या कायद्यानं. रांग होती, म्हणून तुम्हाला रांगेत उभं राहता आलं. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. आणि जून 2019 मध्ये तुमच्याच राज्यात, ल्यूकव्हिलजवळच्या वाळवंटात, सहा वर्षांची एक पंजाबी मुलगी उन्हानं गेली. पारा 42 अंशांवर होता आणि आई तिला इतरांजवळ ठेवून पाणी शोधायला गेली होती. बेकायदा सीमा ओलांडणं योग्य आहे असं मी म्हणत नाही. सीमा राखणं हे देशाचं कामच आहे आणि त्यासाठी 1924 पासून तिथे प्रशिक्षित, पगारी दल आहे. पण तुमचा मुलगा दुर्बिणीतून कुणाकडे बघत होता, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आता तुमचा गैरसमज. तुम्ही या गटांना आपल्याकडच्या होमगार्डसारखं समजताय. होमगार्ड 1946 साली मुंबईत सुरू झाले. त्यांच्यामागे कायदा आहे, गणवेश आहे, वर जाब विचारणारा अधिकारी आहे. काही राज्यांत त्यांची सीमा शाखा बीएसएफच्या हाताखाली काम करते. अ‍ॅरिझोनातल्या या गटांना यातलं काहीच नाही. एप्रिल 2005 मध्ये टूमस्टोन गावाजवळ ‘मिनिटमेन’ म्हणवणारे स्वयंसेवक खुर्च्या टाकून बसले, त्याचा जगभर गाजावाजा झाला. आम्ही फक्त बघतो आणि बॉर्डर पेट्रोलला फोन करतो, असं ते सांगत. बघणं आणि फोन करणं हा गुन्हा नाही, हे खरं. तरी ते बसायच्या आधीच राष्ट्राध्यक्ष बुश यांनी, कायदा हातात घेणाऱ्यांना आपला विरोध आहे, असं जाहीर सांगितलं होतं. पुढे म्होरक्यांचं आपसांत फाटलं आणि त्यातली एक मोठी संघटना 2010 मध्ये गुंडाळली गेली. अशाच दुसऱ्या एका गटाच्या माणसाला 2005 साली डग्लसजवळची आपली 70 एकर जमीन एल साल्वाडोरच्या दोघांना द्यावी लागली, कारण टेक्सासमध्ये त्या दोघांना अडवून छळल्याचा दावा त्याच्यावर होता. 2009 मध्ये अ‍ॅरिझोनातल्याच अरिवाका गावात अशाच एका गटाच्या म्होरक्या बाईनं साथीदारांसह लुटीसाठी एका घरात शिरून बाप आणि नऊ वर्षांची मुलगी यांचा जीव घेतला. मुलगी अमेरिकेतच जन्मलेली होती. त्या बाईला देहदंडाची शिक्षा सुनावली गेली. तुमचे शेजारी असे आहेत असं मी मुळीच म्हणत नाही, ते सज्जन असतील. पण अशा गटात उद्या बंदूक घेऊन कोण येऊन बसेल, याची खात्री त्यांनाही देता येणार नाही.

म्हणून त्या प्रमाणपत्राचा नाद सोडा. बॉर्डर पेट्रोलला नागरिकत्व लागतं, साधारणपणे वय चाळिशीच्या आत लागतं, मग प्रवेश परीक्षा, शारीरिक व वैद्यकीय चाचणी, पॉलिग्राफ म्हणजे खोटं पकडायची यंत्रचाचणी आणि कसून पार्श्वभूमी तपासणी, त्यानंतर न्यू मेक्सिकोतल्या आर्टेशिया इथे प्रशिक्षण. उलट त्या तपासणीत कुणाबरोबर होतास, शस्त्र होतं का, कुणाला अडवलंस का, असे प्रश्न निघाले तर त्यांची उत्तरं पोरालाच द्यावी लागतील.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की तो एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करून स्पॅनिश ‘फाडफाड’ बोलायला शिकला. साहेब, ही गोष्ट पहिल्या ओळीत यायला हवी होती! त्याच्याच कम्युनिटी कॉलेजात ईएमटीचा कोर्स आहे का बघा, म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या प्राथमिक उपचारांचा. तो बहुतेक ठिकाणी एका सत्रात होतो आणि त्यात कॅल्क्युलस नसतं. त्यापुढे पॅरामेडिक, नर्सिंग किंवा रुग्णालयातला दुभाषी. अ‍ॅरिझोनात स्पॅनिश येणाऱ्या ईएमटीला काम शोधत फिरावं लागेल असं मला वाटत नाही. आणि सीमेवरच काम करायची त्याची स्वतःची इच्छा निघाली, तर बॉर्डर पेट्रोलमध्येच 1998 पासून शोध आणि बचावाचं वेगळं पथक आहे, वाळवंटात अडकलेल्यांना बाहेर काढणारं.

पण हेसुद्धा लगेच त्याच्या गळ्यात मारू नका. वाळवंटात पाण्याच्या टाक्या ठेवणाऱ्या संस्थाही तिथे आहेत, म्हणून उद्या त्याला तिकडेही पाठवू नका. या शनिवारी त्याला घरी राहू द्या. तो ताट घेऊन खोलीत गेला तर दार वाजवून त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि त्या रात्री काय झालं एवढंच विचारा. करिअरचा विषय काढू नका. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा, त्याला सांगायला लावू नका.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. मराठीत जमत नसेल तर इंग्रजीतही चालेल.